तुटलेले बटण

आपल्या शाळेच्या वार्षिकात विद्या, विनय, देशसेवा, वेळेची किंमत इत्यादी भारदस्त विषयांवर दरवर्षी लेख येत असतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. अशा थोरांच्या पंक्तीत बटणासारख्या क्षुल्लक वस्तूस पाट मांडून बसविल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. परंतु लहान वस्तूकडे दुर्लक्ष झाले म्हणजे मोठी वस्तू कशी वाया जाते, हे दाखविण्यास बटणासारखा दुसरा शिक्षक मला तरी आढळला नाही.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभा राहून आत जाणारी मुले पाहत होतो. पाव तासात मला सात मुले अशी दिसली, की ज्यांच्या सदऱ्याचे एक तरी बटण जागेवर नव्हते. दोघांनी तेथे सेफ्टी पिन लावली होती. एकाने स्टेपलरची पिन मारून घेतली होती. बाकीच्यांनी आपली छाती थंड वाऱ्याच्या स्वाधीन केली होती. त्यांतील एकास मी विचारले, "का रे बाळ, बटण का लावून घेतले नाहीस?" त्याने मोठ्या समाधानाने उत्तर दिले, "आता आई नवाच शर्ट घेणार आहे."

त्या मुलास मी काही बोललो नाही. जे त्यास बोललो नाही, ते येथे लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या मुलास अथवा मुलीस स्वतःचे तुटलेले बटण स्वतः लावता येत नाही, त्याचे शिक्षण, परीक्षेत तो कितीही गुण मिळवो, एका टाक्याने अपुरे राहिले, आणि हा टाका शिकविणे हे घराचे व शाळेचे, दोघांचेही काम आहे.

मला तो माझ्या वडिलांनी शिकविला. दहा-अकरा वर्षांचा असता मी शिक्षणासाठी खेड्यातून वसतिगृहात येऊन राहिलो. जवळ दोन सदरे होते. त्यांतील एकाची मधली गुंडी पहिल्याच आठवड्यात तुटून कोठे तरी पडली. मी कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडून तेथे टोचला आणि वर्गात जाऊन बसलो. कविता म्हणण्यासाठी उभा राहिलो तेव्हा काटा छातीत रुतला, मी ओरडलो आणि सारा वर्ग हसला. त्या रात्री मी घरी पत्र लिहिले, की सदरा निकामी झाला आहे, नवा पाठवावा.

बाजाराच्या दिवशी वडील आले. त्यांच्या हाती नवा सदरा नव्हता. त्यांनी जुना मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अरे बावा, तुटली त गुंडी तुटली, सदऱ्यानं तुयं काय बिघडवलं?" मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. तिच्या घडीत दोरा गुंडाळलेली एक सुई नेहमी असे. गुंडी कोठून आणावी, हा प्रश्न त्यांनी क्षणात सोडविला. स्वतःच्या अंगातील सदऱ्याची सर्वांत खालची गुंडी त्यांनी दातांनी दोरा तोडून काढली आणि "ही मले लागत नाही" असे म्हणून माझ्या तळहातावर ठेवली. लावावयाची मात्र मीच, अशी त्यांची अट होती.

मी घाईने, दोरा ताणून, गुंडी कापडास अगदी चिकटवून शिवली. ती काजात शिरेना. वडिलांनी सारे टाके उसवावयास लावले आणि दुसऱ्या खेपेस गुंडी व कापड यांच्यामध्ये एक आगकाडी ठेवली. टाके पुरे झाल्यावर आगकाडी काढून घेतली, तेव्हा गुंडीखाली दोऱ्याची लहानशी मान तयार झाली. त्या मानेभोवती दोऱ्याचे तीन वेढे देऊन मागील बाजूस गाठ मारली. चार भोकांची गुंडी असल्यास दोन-दोन भोके निरनिराळी शिवावी, म्हणजे एक दोरा तुटला तरी दुसरा तिला धरून ठेवतो, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. पुढे मी पुष्कळ पुस्तके वाचली. परंतु त्या अर्ध्या तासात शिकलेले जितके उपयोगी पडले, तितके त्यांतील थोडेच.

आता त्या सदऱ्याचा हिशेब करू. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. एखाद्या मुलाचा शुद्ध सुती सदरा सुमारे दोनशे ग्रॅम वजनाचा धरला, तर सूतकताईत व विणाईत जाणारी तूट मिळवून त्यास अंदाजे अडीचशे ग्रॅम रुई लागते. सरकीसह वेचलेल्या कापसात रुईचा भाग सुमारे एक तृतीयांश असतो. म्हणजे पाऊण किलो कापूस झाला. एका बोंडात सामान्यतः चार ग्रॅमांच्या आसपास कापूस निघतो. याचा अर्थ असा, की एका सदऱ्यासाठी पऱ्हाटीची पावणेदोनशेच्या वर बोंडे खर्ची पडतात, आणि त्यांतील एकेक बोंड कोणा तरी बाईने कमरेत वाकून, हाताने वेचलेले असते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके बोटांस कशी ओरबाडतात, हे आपल्या शाळेतील कित्येक मुलामुलींस पुस्तकात वाचावे लागणार नाही. येथील बहुतेक शेत पावसाच्या पाण्यावर. पाऊस रुसला किंवा भाव पडला, की घराचे घर अडचणीत येते. या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या विपत्तीच्या वार्ता साऱ्या देशाने ऐकल्या आहेत. ज्याच्या घरी कापूस पिकतो, त्यानेच एका गुंडीपायी पावणेदोनशे बोंडे उकिरड्यावर टाकावीत, ही गोष्ट मला शोभणारी वाटत नाही.

ज्या वस्तूविषयी आपण बोलत आहोत, तिचा थोडा परिचय करून घेणे येथे अप्रस्तुत होणार नाही. गुंडी हा आपला जुना शब्द. वऱ्हाडात पाणी भरण्याच्या भांड्यास गुंड म्हणतात व त्याच्या लहान भावंडास गुंडी; दोन्ही गोल, तेव्हा हे नाव कोणास चमत्कारिक वाटू नये. बटण हा शब्द इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत तो फ्रेंच भाषेतून गेला. फ्रेंचांत त्याचा एक अर्थ फुलाची कळी असा आहे. पोर्तुगीज भाषेतही कळी व बटण यांस एकच शब्द आहे, आणि त्यापासूनच गोमंतकात बटणास बुतांव म्हणू लागले. सर्वांत गोड कथा मात्र काज या शब्दाची आहे. ज्या चिरेतून बटण ओवतात तिला आपण काज म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'काझा' या शब्दावरून आला असे भाषापंडित सांगतात, आणि 'काझा' म्हणजे घर. काज म्हणजे बटणाचे घर! सकाळी शाळेस निघताना आपण एकेका बटणास त्याच्या घरी पोहोचवितो. ज्या दिवशी बटण हरवते, त्या दिवशी एक घर ओस पडते.

बटणावाचूनही माणसे वस्त्रे नेसत आली आहेत, हे विसरता कामा नये. आपल्या पूर्वजांची बाराबंदी नावाप्रमाणे बंदांनी बांधली जाई. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज वाहणारे भक्त आजही पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात. चोळीस पुढे गाठ असे. तान्ह्या मुलाच्या अंगड्या-टोपड्यास आजीबाई बंदच लावीत, गुंडी लावीत नसत. हा केवळ गरिबीचा प्रकार नव्हता. जे हाती लागेल ते तोंडात घालावे, हा तान्ह्या मुलाचा धर्म. तेव्हा गुंडी तुटून घशात जाण्यापेक्षा बंद बरा, असे त्यांचे व्यवहारज्ञान होते. आणि फाशात खुंटी अडकविण्याची युक्ती शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. जुवाच्या शिवळेस जोत्याचा फासा अडकवून तो बैलाची मान जुवाखाली धरतो. तेथे शिवळ ही गुंडी होय व फासा हे काज होय.

मोहेंजोदडोच्या उत्खननात शिंपल्याचे एक बटण मिळाले आहे. ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे मानतात. त्यास दोरा ओवण्यासाठी भोके पाडलेली आहेत. परंतु ते वस्त्र बंद करण्यापेक्षा शोभेसाठीच लावीत असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे. बटणासाठी कापडात नेटके काज करण्याची रीत युरोपात तेराव्या शतकात रूढ झाली. म्हणजे बटण आधी आले आणि त्यास घर मिळावयास हजारो वर्षे लागली. पुढे हाड, शिंग, लाकूड, नारळाची करवंटी, पितळ, काच, शिंपला, जे जे हाती आले त्याची माणसाने बटणे केली. विसाव्या शतकात प्लास्टिकने या सर्वांस मागे सारले.

या इतिहासातील एक प्रकरण विचार करावयास लावणारे आहे. जॉन बोपल नावाच्या एका जर्मन कारागिराने इ. स. १८९१ मध्ये अमेरिकेतील मस्कटीन या गावी मिसिसिपी नदीतील शिंपल्यांपासून बटणे करण्याचा कारखाना काढला. धंदा इतका भरभराटला, की इ. स. १९०५ च्या सुमारास त्या एका गावातून वर्षास दीड अब्ज बटणे निघत. शिंपला कापून त्यातून गोल चकत्या काढीत आणि भोके पडलेला उरलेला शिंपला टाकून देत. नदीने जे पिढ्यानुपिढ्या साठविले, ते थोड्या वर्षांत उपसले गेले. शिंपले दुर्मीळ झाले आणि धंदाही आटला. आपल्या देशात बिहारातील पूर्व चंपारण जिल्ह्यात मेहसी नावाचे गाव आहे. तेथेही बुढी गंडक नदीच्या शिंपल्यांपासून बटणे करण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला व घरोघर पसरला. पुढे प्लास्टिकच्या स्वस्त बटणांपुढे तो खालावला. वर्धा किंवा पैनगंगा नदीच्या वाळूत खेळताना आपल्या पायाला शिंपला लागतो, तेव्हा त्याच्या आतील मोतिया चमक एकदा निरखून पाहावी. माणसाने ज्या चमकेची बटणे केली, ती हीच. क्षुद्र वस्तूची मागणी अफाट झाली, की ती नदीस पुरून उरते, हा या प्रकरणाचा बोध होय.

निसर्गास मात्र अशा वस्तू न हरविता करता येतात. टिपेश्वरसारख्या आपल्याकडील रानांत हेद नावाचा मोठा वृक्ष आढळतो. त्यास हळदूही म्हणतात. त्याची फुले म्हणजे लहान पिवळ्या गुंड्याच. कळंब वृक्षाची फुलेही अशीच गोल असतात. चिंतामणीच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेल्या आपल्या तालुक्याच्या गावाशी या वृक्षाचे नाव जुळते, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. पाणी ओसरलेल्या शेतात व तळ्याच्या काठी गोरखमुंडीची जांभळी बोंडे उगवतात. दिसते ते एक फूल, पण जवळून पाहिले तर बारीक बारीक फुलांचा तो घट्ट मेळावा असतो. आणि शेतातून घरी येताना धोतरास वा विजारीस चिकटून येणारी गोखरूची फळे कोणास माहीत नाहीत? त्यांच्या काट्यांची टोके आकड्याप्रमाणे वाकलेली असतात. अशाच एका फळास कुत्र्याच्या केसांत अडकलेले पाहून स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्यास इ. स. १९४१ मध्ये वेल्क्रोच्या पट्टीची कल्पना सुचली. तीच पट्टी आज लहान मुलांच्या बुटांवर व दप्तरांवर बटणाचे काम करते. आपण ज्या फळास शिव्या देत ओरबाडून फेकतो, त्यात एकाने नवी युक्ती पाहिली.

टाकाऊ वस्तूत असे काही पाहण्याची दृष्टी आपल्या जिल्ह्यात फार दिवसांपासून आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या बाजूस बंजारा बंधूंचे तांडे आहेत. एके काळी हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर वाहतूक करीत असे. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. त्यांच्या वृद्ध स्त्रियांच्या अंगावरील फेटिया व कांचळी आपण बाजारात वा यात्रेत पाहिली असेल. तिच्यावर आरशाचे तुकडे, कवड्या, मणी, जुनी नाणी आणि त्यांच्या जोडीला गुंड्या टाकलेल्या असतात. कांचळी पाठीशी बंदांनी बांधतात. तेव्हा त्या गुंड्या काहीच बंद करीत नाहीत, केवळ शोभतात, मोहेंजोदडोच्या त्या बटणाप्रमाणे! पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर जी झूल घालतात, तीवरही आरसे, कवड्या व गुंड्या अशाच चमकत असतात. ज्या हातांनी ही कला जोपासली, त्या हातांस बटणाची किंमत आपण सांगावयास नको. उलट त्या आजीबाईंजवळ बसून आपल्या मुलींनी, आणि मुलांनीही, चार टाके शिकावेत. फाटक्या सदऱ्यावरून निघालेली गुंडी त्यांच्या घरी कधी वाया जात नाही.

लहानपणी आम्ही कोटाचे मोठे बटण घेऊन त्याच्या दोन भोकांतून दोरा ओवीत असू व दोऱ्याची दोन्ही टोके बोटांत धरून ओढून-सैल करून त्यास गरगर फिरवीत असू. आम्ही तिला भिंगरी म्हणत असू. आज ती फारशी दिसत नाही. परंतु मूळचे आपल्याच देशातील, मीरत येथे जन्मलेले मनु प्रकाश हे शास्त्रज्ञ अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करतात. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. २०१७ मध्ये याच भिंगरीच्या तत्त्वावर कागदाचे एक यंत्र केल्याचे जाहीर केले. ते मिनिटास सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरते, दीड मिनिटात रक्तातील द्रव वेगळा काढते, त्यास वीज लागत नाही, आणि त्याची किंमत अवघे वीस सेंट! जेथे वीज नाही, दवाखाना दूर आहे, अशा गावी रोगपरीक्षेसाठी याचा उपयोग व्हावा हा त्यामागील हेतू. विद्यार्थ्यांनो, ज्या बटणास आपण निरुपयोगी म्हणून केरात टाकता, त्यात भौतिकशास्त्राचा एक धडा दडलेला आहे.

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू. कोणी म्हणेल, बटण लावून देण्यास शिंपी आहे. आहे खरा, आणि त्याच्या कौशल्याविषयी मला आदरच आहे. पूर्वी शिंपी सदरे शिवून काज-बटणासाठी शेजारच्या घरी देई आणि कित्येक विधवा माउल्यांनी या कामावर मुलांस शिकविले. परंतु विहीर खोदण्यास कारागीर बोलवावा लागतो म्हणून आपण पाण्याचा पेला स्वतः भरून घेत नाही काय? काही कामे दुसऱ्यास सांगण्याइतकी मोठी नसतात.

दुसरा म्हणेल, आई लावून देते. यास माझे उत्तर असे, की आईने एवढे केले म्हणून तिच्यावर हेही लादू नये. आणि ज्या दिवशी आई जवळ नसेल त्या दिवशी, माझ्याप्रमाणे, बाभळीचा काटा शोधावा लागेल.

तिसरा आक्षेप मुलांच्या तोंडी नेहमी असतो: सुई-दोरा हे बायकांचे काम. ही समजूत कोठून आली ते मला कळत नाही. धान्याचे पोते दाभणाने व सुतळीने शिवणारा शेतकरी पुरुषच असतो. जोडा शिवणारा चर्मकार पुरुष, कपडे शिवणारे बहुतेक शिंपी पुरुष. जखम शिवणारा शल्यवैद्य हाच टाका घालून मोठे नाव मिळवितो. माझ्या वडिलांच्या टोपीत सुई होती, म्हणून त्यांच्या मिशीस कमीपणा आलेला मला कधी दिसला नाही.

चौथा आक्षेप मात्र अधिक खोल आहे. आता कपडे स्वस्त झाले, चेन व वेल्क्रो आली, आणि काळ बटण लावण्याचा नसून बटण दाबण्याचा आहे, असे सांगतात. हे पुष्कळ अंशी खरे आहे. दिवा, पंखा, पंप, मोबाइल, सर्व काही बोटाच्या एका दाबाने चालते. शेतकऱ्याचा रात्रीचा पाण्याचा फेरा एका कळीने वाचला, तर त्याविषयी कृतज्ञच असावे. आणि एक बटण तर असे आहे, की ते दाबण्यास आपण सर्वांनी अवश्य जावे. इ. स. २००४ पासून लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्व मतदारसंघांत मतयंत्रे वापरात आली, आणि तेव्हापासून राष्ट्राचे भवितव्यही मतदाराच्या बोटाखालील एका बटणावर आले. परंतु दाबावयाच्या बटणाचा एक स्वभाव आहे. ते दाबले म्हणजे काम दुसरीकडे कोठे तरी, दुसऱ्या कोणाकडून होते. आपणास ते कसे झाले हे कळत नाही आणि बिघडले तर दुरुस्तही करता येत नाही. लावावयाच्या बटणाचा स्वभाव याच्या उलट. तेथे काम आपल्याच बोटांतून होते, चूक झाली तर डोळ्यांपुढे दिसते आणि उसवून पुन्हा करता येते. ज्या मुलाने केवळ दाबणेच जाणले, तो मोडलेली प्रत्येक वस्तू टाकून देण्यास शिकेल. आणि वस्तू टाकण्याची सवय जडली, की पुढे तीच सवय मनुष्यांच्या बाबतीतही लागते, असे मला भय वाटते.

पालकांसाठी येथेच एक सावधगिरीची सूचना देतो. घड्याळे, खेळणी, वजनकाटे, रिमोट यांत हल्ली बटणाच्या आकाराचे चपटे विद्युतघट असतात. ते चमकदार असल्याने लहान मुले तोंडात घालतात. असा घट अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. म्हणून असे घट कुलपात ठेवावेत, खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद आहे की नाही ते पाहावे, आणि मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. आजीबाईंनी अंगड्यास बंद लावण्यात जी दूरदृष्टी दाखविली, ती आपण या नव्या बटणांविषयी दाखविली पाहिजे.

शेवटी करावयाचे काय, ते सांगतो. आपल्या शेजारच्या वर्धा येथे इ. स. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली होती. हातांच्या उद्योगातून बुद्धीचे शिक्षण द्यावे, असा विचार तेथे मांडला गेला. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनी केव्हा तरी दहा दिवस दप्तरावाचून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे, असे सुचविले आहे. त्या दहा दिवसांतील एक दिवस गावातील शिंप्यास अथवा तांड्यावरील एखाद्या आजीबाईंस गुरू करून शाळेत बोलवावे. प्रत्येक वर्गात एक डबा असावा. त्यात सुई, पांढरा व काळा दोरा आणि जुन्या कपड्यांवरून काढून ठेवलेली बटणे असावीत. कापड पुसण्याच्या फडक्यास देण्यापूर्वी त्यावरील बटणे काढून त्या डब्यात टाकावीत. ज्याचे बटण तुटेल त्याने मधल्या सुट्टीत ते स्वतः लावावे. ज्यास येत नसेल त्यास शेजाऱ्याने शिकवावे. यास फार पैसा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. मुले व मुली यांत येथे भेद नसावा. वर्षअखेर बक्षीस द्यावयाचे असल्यास, मान नीट ठेवलेल्या आणि तीन वेढे दिलेल्या बटणास द्यावे.

माझ्या त्या सदऱ्याची मधली गुंडी इतर गुंड्यांहून रंगाने थोडी वेगळी होती. आरंभी मला त्याची लाज वाटे. मी पुस्तक छातीशी धरून ती झाकीत असे. सदरा आखूड झाला, धाकट्या भावाकडे गेला, अखेर विरून गेला. ती गुंडी शेवटपर्यंत तुटली नाही. आज ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. परंतु "ही मले लागत नाही" असे म्हणून वडिलांनी जी आपल्या अंगावरून काढून दिली, तिच्या जागी त्यांच्या सदऱ्यास दुसरी कधी लागली की नाही, हे पाहण्याचे मला त्या वयात सुचले नाही. विद्यार्थिमित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या वडिलांच्या सदऱ्याची सर्वांत खालची गुंडी जागेवर आहे काय, ते एकदा पाहा. आणि नसेल, तर ती तुम्ही लावा.